भिंतीवरची कलेजी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पतींच्या वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात ब्रायोफायटा नावाच्या गटाला जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे. मॉस, मर्केंशिया, अँथॉसिरॉस, रिक्सिया अशी चार नावे, एक छोटे चित्र, आणि लगेच पुढचा गट सुरू. उर्दू माध्यमाच्या पुस्तकातही एवढेच. मुले चारही नावे घोकतात, परीक्षेत लिहितात आणि पेपर झाला की विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही. जे मर्केंशिया आणि रिक्सिया ती पाठ करतात, त्यांच्या नात्यातलेच कोणीतरी पावसाळ्यात शाळेच्या मागच्या भिंतीवर उगवलेले असते, हे त्यांना कोणी दाखवतच नाही. या महिन्यात त्यांच्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे, कारण पावसाचे दिवस आहेत आणि जे सांगणार ते वाचकांना घराच्या जिन्याखाली उतरून पाहता येईल.

आपल्या घरांत हिरवे आणि निसरडे काही दिसले की एकच शब्द तोंडात येतो. मराठीत शेवाळ, उर्दूत काई. अम्मी गॅलरीतून ओरडते, "जिन्यावर काई चढलीय, जपून उतर," आणि विषय संपतो. शास्त्रज्ञ मात्र त्या एका शब्दात निदान चार वेगळी घराणी मोजतात. टाकीच्या पाण्यात तरंगते, हाताला बुळबुळीत लागते, ते खरे शेवाळ. भिंतीवर मखमलीसारखी उभी लव दिसते ते मॉस. मराठीत त्याला हरिता म्हणतात. झाडाच्या सालीला आणि दगडाला राखाडी पापुद्र्यासारखे चिकटते ते दगडफूल. हे तर आपल्या स्वयंपाकघरातलेच. एप्रिल-मे महिन्यांत साऱ्या मुंबईच्या बायका लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला करायला जातात, तेव्हा धणे-लवंगांबरोबर पुडीत बांधून मिळते ते हेच. ते रोपटे नव्हे आणि फूल तर नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. दोघेही एकटे राहिले तर दगडावर तगत नाहीत.

चौथे घराणे यकृतकांचे. इंग्रजीत त्यांना लिव्हरवर्ट म्हणतात. जमिनीला चिकटून पसरणारे, कडेला खाचा असलेले, जाडसर, गडद हिरवे पान असे त्यांचे रूप. युरोपातल्या जुन्या वैद्यांना ते यकृताच्या खंडांसारखे दिसले. जी वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते ती त्या अवयवावर औषध, असा त्या काळी समज होता. म्हणून काविळीवर याचा काढा दिला जाई. समज चुकीचा होता, नाव मात्र टिकले. बकरी ईदला ताटात आलेली कलेजी ज्या मुलांनी पाहिली आहे त्यांना हे नाव समजवावे लागत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाने चित्र पाहताच "टीचर, ही तर हिरवी कलेजी," असे म्हटले. तेव्हापासून वर्गात यकृतका हा शब्द मागे पडला आणि कलेजी रूढ झाली. आम्हीही ती चालू दिली.

आपल्या ओल्या मातीत, कुंडीच्या कडेला, जुन्या भिंतीच्या पायथ्याशी सहज सापडण्यासारखी यकृतका म्हणजे रिक्सिया. नाण्याएवढी गोल नक्षी असते. मध्यापासून फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीचे टोक दुभंगते, त्याचे पुन्हा दोन होतात. मेंदीच्या कोनाने हातावर काढलेल्या बुट्ट्यासारखी ती दिसते. तिचीच एक पाण्यावर तरंगणारी बहीण अॅक्वेरियमच्या दुकानांत रिक्सिया या नावानेच विकली जाते. मासे पाळणाऱ्या मुलांना ती ठाऊक असते, पण पुस्तकातली ती हीच, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मर्केंशिया डोंगरातल्या ओढ्याकाठी जास्त रमते. तिच्या पानावर छोट्या वाट्या असतात आणि वाट्यांत हिरव्या कण्या. पावसाचा टपोरा थेंब वाटीत पडला की कण्या उडून दूर पडतात आणि तिथे नवे रोप धरते. आणखी एक सायथोडियम. सह्याद्रीत लेण्यांच्या तोंडाशी, अंधाऱ्या ओल्या दगडावर ती वाढते आणि बाजूने पाहिली तर मंद उजेडात सोनेरी-हिरवी चमकते. ही चमक काजव्यासारखी स्वतःची नसते. आलेला थोडासा उजेड तिच्या पेशी गोळा करतात, त्यातला काही परत फिरतो, तो आपल्याला दिसतो.

या वनस्पतींना मुळे नाहीत. धाग्यासारखे मूलाभ असतात, ते मुख्यतः धरून ठेवण्याचे काम करतात. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. बहुतेकींच्या अंगावर मोठ्या झाडांच्या पानांवर असते तशी जाड मेणाची कातडी नाही. म्हणून पाणी आणि हवा जे काही आणतील ते त्या सर्वांगाने पितात. हवेत शिसे असेल तर शिसेही त्यांच्यात जाते. याच गुणामुळे काही देशांत मॉसच्या छोट्या पिशव्या रस्त्याकडेला टांगतात आणि नंतर तपासून हवेतल्या धातूंचा हिशेब काढतात. फलन व्हायलाही पाण्याची पातळ फिल्म लागते. पाऊस नसला की रिक्सिया वाळून, मिटून, मातीच्या रंगाची होऊन पडते. मेली असे वाटते. जूनमध्ये दोन सरी पडल्या की पुन्हा हिरवी. जमिनीवर आलेल्या पहिल्यावहिल्या वनस्पती यांच्याच चालीच्या होत्या असे मानतात. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तसे बीजाणू सापडले आहेत. फुले, फळे, गहू, तांदूळ, आंबा हे सारे फार नंतरचे.

एवढी चिवट जात धोक्यात कशी येईल, असा प्रश्न पडतो. चिवटपणा तिच्या एकेका ठिकाणापुरता असतो. ते ठिकाण गेले की तिला दुसरीकडे जाता येत नाही. जगात याचे सर्वांत ठळक उदाहरण थंड डोंगरांतल्या पीटच्या दलदलीचे आहे. पीट म्हणजे काय ते समजायला मुंबईचाच दाखला घेऊ. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकची गोदी खोदताना समुद्राच्या चिखलाखाली एक बुडालेले जंगल सापडले. झाडे बहुतेक खैराची, त्यांतली कित्येक मुळांसकट जागच्या जागी उभी. किती शतके गेली तरी लाकूड कुजले नव्हते, कारण दाट ओल्या चिखलात हवा पोहोचत नाही आणि हवेशिवाय कुजणे जवळजवळ थांबते. पीटच्या दलदलीत हेच वर्षानुवर्षे चालते. स्फॅग्नम नावाचे मॉस तिथे स्पंजासारखे पाणी धरते, ते पाणी आंबट करते आणि खाली मेलेला पाला न कुजता साठत जातो. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर पीट म्हणजे हजार वर्षांची ठेव. पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे, पण त्यात दडलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा आहे त्याहून जास्त आहे.

या स्फॅग्नमच्या गादीत, त्याच्या काड्यांमधून, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढ्या यकृतका सरपटत असतात. एकीचे नाव कॅलिपोजिया स्फॅग्निकोला. नावाचा अर्थच स्फॅग्नमवर राहणारी. गादी ओली तोवर तिचे घर. चर खणून पाणी काढले, पीट कापून जळणाला किंवा बागेला नेले, की मॉस वाळते आणि त्याच्याबरोबर ही भाडेकरीणही जाते. मालकाने घर विकल्यावर भाडेकरूचे काय होते ते गिरगाव-परळच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. २०१९ साली युरोपातल्या मॉस, यकृतका आणि त्यांच्या भावंडांच्या १,८१७ जातींची पाहणी जाहीर झाली. त्यांतल्या शंभरात २२ हून अधिक जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, असे तिने सांगितले.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी म्हणेल. पण दादरच्या नर्सरीत किंवा ऑनलाइन कुंडीची माती मागवताना पिशवीवर काय लिहिले आहे ते एकदा वाचून पाहा. 'पीट मॉस' लिहिले असेल तर ती कुठल्यातरी थंड देशातली हजार वर्षांची दलदल खणून भरलेली असते. 'कोकोपीट' लिहिले असेल तर घाबरायचे कारण नाही. नावात पीट असले तरी तो नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. आपल्याच किनाऱ्यांवरचा, दरवर्षी नवा होणारा, आणि गॅलरीतल्या पुदिन्याला आणि मोगऱ्याला तो पुरेसा होतो. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर रंगाने सारख्याच दिसतात, म्हणून हे लिहिले.

आपल्या देशात डोंगरातले पीट आहे ते मुख्यतः हिमालयात आणि निलगिरीत. निलगिरीच्या दलदलीतले पीट तपासून बंगळुरूच्या प्रा. रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सुमारे २० हजार वर्षांचा हवामानाचा इतिहास मांडला. केव्हा गवत वाढले, केव्हा जंगल पुढे सरकले, हे सारे त्या काळ्या चिखलाने जपून ठेवले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र दुसरीच वस्तू आली आहे. ती म्हणजे सडा. कोकणातून आलेल्या आमच्या वाचकांना सडा म्हणजे काय ते समजवायला नको. जांभ्याचा उघडा कातळ, आठ महिने तापलेला, काळा, ओसाड. जून लागला की त्याच्या खळग्यांत पाणी साचते, बोटभर मातीचा थर भिजतो आणि चार महिन्यांसाठी दलदल तयार होते. माती इतकी निकस की दवबिंदूसारख्या चिकट थेंबांनी किडे पकडून खाणारी रोपे तिथे वाढतात. पीटच्या दलदलीतही अशीच कीटकभक्षी रोपे असतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार याच जातीचे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून नोंदवली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

कासला लोक फुले पाहायला जातात. फुलांच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यांत, त्या मातीवर जो हिरवा पापुद्रा धरतो तो पाहायला कोणी जात नाही. त्यात शेवाळ असते, मॉस असते आणि यकृतका असतात. तोच पापुद्रा माती धरून ठेवतो. तो नसेल तर पहिल्याच मुसळधार पावसात बोटभर माती कातळावरून धुऊन जाईल, मग फुलांना बूड कुठले?

कास निदान राखलेले आहे. रत्नागिरी-रायगडचे सडे तसे नाहीत. सातबाऱ्यावर त्यांच्यापुढे पोटखराबा लिहिलेले असते, म्हणजे पिकाला निरुपयोगी. निरुपयोगी जमिनीवर कोणी रडत नाही. तिथे चिरेखाण पडते, कातळ फोडून हापूसची कलमे लावतात, भराव टाकून प्लॉट पाडतात. कोल्हापूरकडच्या पठारांवर बॉक्साइट निघते. हे लिहिताना आम्हाला कोणाकडे बोट दाखवायचे नाही. गावाकडची जी घरे आखातातल्या कमाईतून उभी राहिली, ज्यांत आपल्या दादी-नानी राहतात, ती चिऱ्याचीच आहेत. चिरा सड्यातूनच येतो. आंब्याच्या पेटीवर किती घरांतल्या मुलींच्या फिया भरल्या गेल्या हेही आम्हाला ठाऊक आहे. आमचे म्हणणे एवढेच की गावात चार सडे असतील तर चारही फोडायची गरज नसते. कोणता ठेवायचा हे ठरवायला सड्यावर काय आहे ते आधी कोणीतरी पाहिलेले हवे.

आणि पाहणारेच थोडे. भारतात यकृतकांच्या नऊशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. त्या नोंदींचा पाया घालणारे शिवराम कश्यप १८८२ साली झेलमला जन्मले. आधी वैद्यकी शिकले, मग वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवू लागले. सुट्टी लागली की हिमालयात आणि तिबेटात पायी हिंडत. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ अशा दोन भागांत निघाला. ज्या वनस्पतीला ना फूल, ना बाजारभाव, तिच्यासाठी या माणसाने आयुष्य वेचले. वर सांगितलेल्या सायथोडियमच्या एका जातीला ट्युबरोसम हे नाव त्यांचेच. उन्हाळा काढण्यासाठी ती कंदासारखी गाठ मातीत ठेवून जाते, म्हणून हे नाव. १९३४ साली ते वारले. शिक्षक म्हणून आम्हाला त्यांच्याविषयी विशेष वाटते, कारण त्यांची शोधयात्रा शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत बसलेली होती.

मुंबई इलाख्यात एल. जे. सेज्विक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून मॉस गोळा केले आणि इंग्लंडमधल्या एच. एन. डिक्सन यांनी त्यांची ओळख पटवली. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह १९०६ पासून आहे. गिरगावातून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. वाळवून कागदावर चिकटवलेली रोपे, खाली तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचे नाव. अशा कागदांमुळेच पुढे कोणाला सांगता येते की अमुक रोप अमुक डोंगरावर होते, आता नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले होते. घर ते शाळा या वाटेवर हिरवी कलेजी शोधा, तोडू नका, जागा लिहून आणा. वाट बहुतेकांची गिरगाव, भायखळा, लालबाग, परळ इथलीच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मॉसच आणले. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने गिरगावातल्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या मागची भिंत सांगितली. खाली काळा दगड, वर चुन्याचा गिलावा, पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडते आणि ऊन दुपारी अर्धा तासच येते. तिथे दगडांच्या सांध्यांत रिक्सियाच्या नक्षीची रांगच होती. जात कोणती ते नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्यासाठी बीजाणूंवरची जाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पण कुळाबद्दल शंका नव्हती. मुलीने तारखा घालून वहीत नोंद ठेवली. १९ जूनला हिरवी, गणपतीच्या सुट्टीत सर्वांत मोठी, दिवाळीआधी वाळलेली.

ती इमारत आता पुनर्विकासात जाणार आहे. मुलीच्या अब्बांनी आम्हाला हे आनंदाने सांगितले, आणि आनंदाचेच आहे. एका खोलीत सात माणसे, सार्वजनिक संडास, पावसात तुळईला टेकू. त्या घरातल्या माणसांना भिंतीवरच्या रोपासाठी तिथेच राहा असे सांगणारा माणूस आम्हाला भेटला तर त्याला आम्ही आधी त्या खोलीत एक पावसाळा काढायला लावू. तरीही मुलीचा प्रश्न आमच्याजवळ राहिला. ती म्हणाली, "टीचर, नवीन टॉवरच्या भिंतीला काई लागतच नाही. मग ही जाईल कुठे?" चुना आणि दगड ओल धरतात, त्यांच्या भेगांत माती साचते. सिमेंट, रंग आणि टाइल्स यांवर तसे होत नाही. रस्त्याकडेची मातीची पट्टीही काँक्रीटखाली जाते आहे. रिक्सियाची ही जात उद्या जगातून नाहीशी होईल असे नाही, पण त्या गल्लीतून ती जाईल. डोंगरावरच्या दलदलीतही असेच एकेक गल्लीने होत गेले.

आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की तुझी वही फाडू नकोस. इमारतीचे नाव, गल्ली, तारीख, भिंत कोणत्या दिशेला, एवढे लिहिलेले असले की ती शाळकरी मुलीची वही राहत नाही, नोंद होते. दुसरी ही की मातीसकट एक चकती कुंडीत घेऊन ठेव. रिक्सिया कुंडीत जगते. खत घालायचे नाही, दाट सावली नाही, थेट ऊन नाही, आणि उन्हाळ्यात वाळली तर फेकायची नाही.

आता जिन्याचा विषय. पायऱ्यांवरची काई घासून काढावीच. घरात म्हातारी माणसे असतात, पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की पुढचे वर्ष अंथरुणात जाते, तिथे दयामाया नको. ताठ ब्रश आणि थोडी खरखरीत वाळू पुरते. मशिदीत हौजाच्या काठावर वजूला बसायची जागाही तशीच घासावी. आमचे म्हणणे फक्त मागच्या भिंतीपुरते. पायऱ्यांना लावून उरलेले ब्लीचिंगचे पाणी तिच्यावर ओतायची सवय सोसायट्यांना आहे. त्या भिंतीवरून कोणी चालत नाही. अर्थात भिंत आतून ओली होत असेल, खोलीत पोपडे पडत असतील, तर दोष गळक्या पाइपाचा असतो. तो दुरुस्त करावा. हिरवा रंग खरवडून गळती थांबत नाही.

पाहायचेच असेल तर झवेरी बाजारात सराफ हिरा पारखायला डोळ्याला लावतात ते दहा पटीचे भिंग आणावे. फुटपाथवरचे मोठे गोल भिंग कामाचे नाही. भिंतीच्या बुडाशी बसावे, भिंग डोळ्याजवळ धरावे आणि मान पुढे न्यावी. भिंग हलवू नये. सकाळची वेळ बरी, रात्रीचा पाऊस असतो आणि ऊन आलेले नसते. लव उभी दिसली तर मॉस. आडवे पान, टोकाला दुभंगलेले, मधून बारीक खोबण गेलेली दिसली, तर कलेजी. सप्टेंबर संपेपर्यंत वेळ आहे. ऑक्टोबरच्या उन्हात ती मातीच्या रंगाची होते आणि मग जागा ठाऊक असलेल्यालाही सापडत नाही.